आमचं सोलर, टाकीची सावली आणि आईंच्या चादरी

परवा लेकीला शाळेतून होमवर्क आला, 'अपारंपरिक ऊर्जा स्रोतांचे फायदे लिहा', दहा ओळी. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लिहीत होती आणि मोठ्याने वाचत होती, सौर ऊर्जा, पवन ऊर्जा, बायोगॅस हे अपारंपरिक आणि कोळसा, पेट्रोल, डिझेल हे पारंपरिक. आई (म्हणजे माझ्या सासूबाई) भाकरी थापत होत्या, त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, "ऊन अपारंपरिक? आणि कोळसा जुना व्हय?" लेक म्हणाली आजी पुस्तकात तसंच दिलंय. आई म्हणाल्या, "मग पुस्तकवाल्यानं कधी कुरडया घातल्या न्हाईत."

मी हसले, पण नंतर वाटलं की बरोबरच आहे की. आपण ज्या उन्हात मिरच्या, सांडगे, गहू, गोधड्या पिढ्यान् पिढ्या वाळवतोय ते अपारंपरिक आणि रेल्वेच्या वाघिणींतून येणारा दगडी कोळसा पारंपरिक. असो. हा किस्सा सांगायचं कारण म्हणजे आमच्या गच्चीवर सोलर बसलंय, आता दोन हिवाळे काढलेत त्यानं, आणि ओळखीतला प्रत्येक जण भेटला की तेच तीन प्रश्न विचारतो, खर्च किती आला, बिल झिरो येतं का आणि पावसाळ्यात काय करता. प्रत्येकाला फोनवर सांगून थकले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, आणि आमची जी फजिती झाली तीपण लिहिते कारण ती कुणी विचारत नाही.

आम्ही कराडच्या जवळ राहतो. स्वतःचं घर, वर मोकळी गच्ची, जिन्याच्या खोलीवर पाण्याची काळी टाकी, आजूबाजूला जवळजवळ प्रत्येकाचं तसंच. २०२४ च्या फेब्रुवारीत ती पीएम सूर्यघर योजना आली, व्हॉट्सॲपवर नुसता पाऊस पडला मेसेजचा, ३०० युनिट फुकट, अमुक फुकट, तमुक फुकट. नवरा लगेच तयार. मी म्हटलं थांब, फुकट म्हटलं की आधी हिशोब.

तर हिशोब असा. सबसिडी पहिल्या २ किलोवॅटला दर किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याच्या वर काहीही असलं तरी एकूण ७८,०००. म्हणून सगळे ३ किलोवॅटच बसवतात, त्याच्या पुढे मोठं बसवलं तर वरचा खर्च पूर्ण आपला. सबसिडी हवी असेल तर पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, वेंडर त्याला डीसीआर म्हणतात, ते जरा महाग पडतात. आम्हाला सगळं धरून १ लाख ९५ हजार खर्च आला, तो आधी आपण भरायचा आणि सबसिडी मागाहून बँकेत येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं बिलातूनच वजा होते. आमच्या गल्लीत एकानं तर वेंडरला विचारलं की ७८ हजार तुम्ही मला रोख देणार का.

जागा साधारण एका किलोवॅटला शंभर चौरस फूट धरा. ३ किलोवॅट म्हणजे तीनशे. आणि पॅनलवर सावली पडता कामा नये, ते पुढे येतंच.

पण त्याच्या आधी एक गोष्ट झाली ती सांगते. आमच्या शेजारी तात्या राहतात, बोर्डातून वायरमन म्हणून रिटायर झालेले (आमच्याकडे महावितरण कुणी म्हणत नाही, अजून बोर्डच म्हणतात), खांबावर चढण्यात आयुष्य गेलं त्यांचं. नवरा कौतुकानं कोटेशन दाखवायला गेला तर तात्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले मागच्या वर्षाची बिलं आण. बिलं बघितली, मग घरात आले, वर बघितलं आणि म्हणाले, "आधी हे पंखे काढा. फुटक्या घागरीत पाणी भरायला नवीन मोटार घेताय व्हय?"

घरात पाच पंखे, सगळे लग्नाच्या वेळचे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. बारा तास चालला तर दिवसाला ०.९ युनिट. आता जे बीएलडीसी पंखे मिळतात, रिमोटवाले, ते तीसेक वॅटवर चालतात, म्हणजे ०.३६ युनिट. एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. आमच्याकडे पाचही बारा तास चालत नाहीत पण तीन तरी चालतातच, म्हणजे पन्नासेक युनिट झाले की. वर आमचं उन्हाळ्याचं बिल ३०० युनिटच्या वर जायचं आणि बिलाचे टप्पे १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत असे चढते असतात, वरच्या टप्प्यातले युनिट सगळ्यात महाग, त्यामुळे वाचतात ते पण महागातलेच वाचतात. हे पंखे बदलले, गिझरला रोज लावायची सवय मोडली (सोलर वॉटर हीटर गच्चीवर पडून होता, त्याचा एक व्हॉल्व्ह गेला म्हणून तीन वर्षं बंद, दुरुस्तीला साडेसहाशे रुपये लागले, लाज वाटली), तेव्हा कुठे तात्यांनी कोटेशन हातात घेतलं.

खरं सांगायचं तर तात्या नसते तर आम्ही ५ किलोवॅट बसवून मोकळे झालो असतो. आणि ते चूकच झालं असतं कारण जास्तीची वीज बोर्डाला विकून पैसे कमवायचे हे जे डोक्यात असतं ना, तसं नसतं. नेट मीटर बसतो, त्यात आलेली वीज आणि गेलेली वीज दोन्ही मोजतात, जास्त गेलेले युनिट पुढच्या महिन्याला जमा होत राहतात आणि मार्चअखेर हिशोब मिटतो. तेव्हा उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात पण आपण ज्या दराने विकत घेतो त्या दराने नाही, खूपच कमी. त्यामुळे घराला लागतंय तेवढंच बसवावं.

आता बिल झिरो येतं का. नाही येत. वीज आकार शून्य झाला तरी स्थिर आकार असतोच, तो मीटर आहे तोपर्यंत भरायचा. आमचं बिल पूर्वी उन्हाळ्यात तीन-साडेतीन हजारांवर जायचं, ते आता बहुतेक महिने दोनशेच्या आत असतं. पावसाळ्यात जून-जुलैला जरा वर जातं पण मार्चपर्यंतचे जमा युनिट तोपर्यंत मिटलेले असतात हे लक्षात ठेवा, एप्रिल-मेचेच काय ते कामाला येतात.

एका किलोवॅटपासून दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात. आमचे मार्च-एप्रिलला १३-१४ होतात. मेमध्ये ऊन जास्त म्हणून अजून जास्त होतील असं मला वाटायचं, तर नाही, पॅनल फार तापले की उलट कमी वीज देतात, त्यांना ऊन पाहिजे पण उकाडा नको. आमच्या लेकीसारखं. जुलैत संततधार लागली की दिवसभरात ३ युनिट. असे आठ-दहा दिवस सलग गेले की नवरा रोजची वीज दाखवणारं ॲप उघडायचंच बंद करतो.

पण गंमत बघा, त्याच दिवसांत पाटणच्या वरच्या पठारावर, वनकुसवडेला आणि तिकडे चाळकेवाडीला पवनचक्क्या जोरात फिरत असतात. ठोसेघरला पावसाळ्यात गेलात तर धुक्यात नुसता आवाज येतो, पातं दिसत नाही, एकदम डोक्यावरून सपकन जातं. वारा आमच्याकडे पावसाळ्यातच जास्त. म्हणजे आमचे पॅनल रुसतात तेव्हा ती पठारं कामाला लागतात आणि पाऊस थांबला की उलट. कुणी मुद्दाम ठरवलं असतं तर इतकं जमलं नसतं.

आणि कोयना तर आहेच. पाणी सोडून वीज करणारा १,९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प आपल्या शेजारी, पण मी शाळेत असताना आम्हाला ते नुसतं 'महाराष्ट्राची भाग्यरेषा' म्हणून पाठ होतं. संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्राचे दिवे, टीव्ही, एसी एकदम लागतात, तोपर्यंत सोलर मावळलेलं असतं, कोळशाचं केंद्र काही बटण दाबून चालू-बंद होत नाही, तेव्हा कोयनेसारखं जलविद्युत केंद्र मिनिटांत भार उचलतं. हे मला तात्यांनी सांगितलं. आणि आईंनी दुसरं सांगितलं. त्यांच्या माहेरच्या नात्यातली काही घरं शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, गेलेली, गाव उठलं तेव्हा जी माणसं खाली आली त्यांच्या नातवंडांचे जमिनीचे कागद अजून पूर्ण झालेले नाहीत, कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलनं अजून होतातच की. त्यामुळे 'स्वच्छ ऊर्जा' असा बोर्ड कुठं दिसला की आई विचारतात कुणाच्या जागेवर? मला पूर्वी ते किरकिर वाटायचं. आता नाही वाटत. आपली गच्ची आपली आहे, तिथं सोलर बसवायला कुणाला उठवावं लागत नाही, हा मुद्दा कुठल्याच पॅम्प्लेटमध्ये मी वाचला नाही पण माझ्या मते तो सबसिडीइतकाच मोठा आहे.

लाईट गेल्यावरचं सांगायचं राहिलं. बसवून आठवडा झाला होता, वळवाचा पाऊस, झाडाची फांदी तारेवर पडली, दुपारी दोनला लाईट गेली. थोड्या वेळात लख्ख ऊन पडलं. आणि आमच्या घरात पण अंधार, म्हणजे पंखा बंद, फ्रिज बंद. समोरच्या काकू गॅलरीतून, "काय गं, दोन लाखाचं सोलर लावून वारा घालत बसलीस?" मला काही कळेना, वर पॅनल उन्हात चमकताहेत, इन्व्हर्टरवर (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा) लाल दिवा. वेंडरला फोन केला तर तो म्हणाला मॅडम ते तसंच असतं, आणि ठेवला. तात्यांनी समजावलं, "पोरी, लाईन बंद करून माणूस खांबावर चढलेला असतो. त्याला वाटतंय तार मेली. आणि तुझ्या गच्चीवरनं मागनं करंट आला तर? म्हणून बाहेरची लाईट गेली की हे पण आपोआप बंद पडतं. पडलंच पाहिजे." हे बोलताना त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली, कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा जुना व्रण. कुणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा लाईनवर आला होता म्हणे, १९९१ ला. मी नंतर कधी तक्रार नाही केली. लाईट गेल्यावर पण चालायला पाहिजे असेल तर बॅटरीवालं हायब्रीड घ्यावं लागतं, खर्च वाढतो, आमच्याकडे लाईट फार जात नाही म्हणून आम्ही घेतलं नाही. पण हे आधी सांगायला पाहिजे ना कुणीतरी.

आता फजिती.

२०२४ च्या मे महिन्यात वेंडरचा माणूस साईट व्हिजिटला आला. दुपारचे साडेबारा, ऊन असं डोक्यावर की आपली सावली पायाखाली. टेप लावली, फोटो काढले, जिन्याच्या खोलीच्या मागच्या बाजूला, म्हणजे वायव्येला, मोकळी जागा होती तिथं सहा पॅनल बसतील म्हणाला, सावली अजिबात नाही, एकदम क्लिअर साईट. नवरा खूश, मी खूश. आई गच्चीवर गव्हाला ऊन देत होत्या, त्या म्हणाल्या, "हितं नको लावू रे. थंडीत हितं ऊन येत न्हाई. टाकीची सावली पडती. मी दिवाळीनंतर चादरी पलीकडं वाळत घालते."

तो मुलगा हसला, म्हणाला आजी ॲपवर सगळं दिसतंय. आम्ही पण काही बोललो नाही. म्हणजे ऐकलं, पण ऐकलं नाही.

पॅनल लागले. मे, जून, दिवाळीपर्यंत सगळं झकास. डिसेंबर आला. आकाश निळंशार, थंडी, ऊन स्वच्छ, ॲपवर १२ तरी दिसायला हवेत, दिसायला लागले ७. कधी साडेसहा. आम्हाला वाटलं धूळ असेल, ऊसतोड चालू होती, पाचट जाळल्याची काजळी उडत असते आमच्याकडे. पॅनल धुतले. बोअरच्या पाण्यानं धुतले तर पांढरे डाग पडले ते वेगळंच (टाकीतलं गोडं पाणी वापरा आणि सकाळी गार असताना धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका). फरक शून्य. इन्व्हर्टर गेला असेल वाटलं. वेंडर म्हणे थंडीत कमी होतंच मॅडम.

मग एका रविवारी मी ॲपमधला दिवसाचा ग्राफ नीट बघितला. एरवी तो डोंगरासारखा असतो, सकाळी चढ, दुपारी माथा, संध्याकाळी उतार. आमच्या डोंगराचा सकाळकडचा अर्धा भाग कुणी कुदळीनं खणून नेल्यासारखा, आणि अकरा-साडेअकराला एकदम सरळ उभा चढ. चहाचा कप घेऊन वर गेले. साडेनऊ वाजले होते. टाकीची काळी लांबच लांब सावली गच्चीवर आडवी पडलेली, बरोबर तीन पॅनलवर. आणि पलीकडे पश्चिमेच्या कठड्याजवळ दोरीवर आईंच्या चादरी, भर उन्हात.

काय झालं होतं ते लेकीच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे, आम्ही पण शिकलोय. मेमध्ये सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, सकाळी उगवतो तो ईशान्येकडे सरकून, त्यामुळे टाकीची सावली नैऋत्येला जाते. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला गेलेला, दुपारी बारालासुद्धा निम्म्या उंचीवर, सकाळी तर आग्नेयेकडून तिरका. सावली लांब आणि नेमकी वायव्येला. दक्षिणायन म्हणजे हेच की! परीक्षेत लिहून मार्क मिळवले पण गच्चीवर लागू करायचं सुचलं नाही, आणि मला वाटत होतं तीन पॅनलवर सावली म्हणजे तीन पॅनलचीच वीज जाईल, तसं पण नसतं. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, पाटाला पाणी सोडलंय आणि मध्ये एका ठिकाणी ढेकूळ अडकलं तर पुढचं सगळं वावर कोरडं, तसं. आतमध्ये पाण्याला वळसा घालून द्यायची सोय असते थोडी, डायोड असतात, पण नुकसान सावलीच्या मानानं बरंच जास्त होतं.

वेंडरला बोलावलं तर त्यानं मेमधले फोटो दाखवले, बघा मॅडम, क्लिअर साईट. फोटोत खरंच क्लिअर होती. भांडून काही निघालं नाही. शेवटी तीन पॅनल उचलून पश्चिमेच्या कठड्याजवळ घ्यायचे ठरले, नवीन लोखंडी स्टँड, वाढीव वायर, वेल्डर, सगळं मिळून १४,००० गेले. हे १४,००० आईंचं एक वाक्य न ऐकण्याचे.

वर आईंची दोरीची जागा गेली. जिथं पॅनल आले तिथंच थंडीतलं ऊन. त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी स्टँडच्या पायांना दोरी बांधून टाकली आणि पॅनलच्या कडेला जिथं ऊन उरतं तिथं चादरी. नवरा म्हणाला वारा आला की चादर वर उडून पॅनलवर पडेल, तर म्हणाल्या मग चिमटे आण चांगले. चिमटे आणले.

मला आजोळचा गोबर गॅस आठवला त्या दिवशी. लहानपणी मामाच्या गोठ्यामागे होता, लोखंडी टाकी उलटी घातलेली, गॅस भरला की टाकी वर यायची आणि स्वयंपाक झाला की खाली बसायची, आम्ही त्यावरून सांगायचो आज चहा होईल का नाही. आजी शेण आणि पाणी सारखं घेऊन हातानं कालवायची, काडीकचरा वेचून काढायची, थंडीत गॅस कमी पडतो म्हणून कोमट पाणी घालायची, तिला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं. तो अनुदानातूनच बसवलेला, तेव्हा पण गाड्या फिरल्या असतील माईक लावून. नंतर म्हशी कमी झाल्या, आजी थकली, टाकीला गंज चढून भोक पडलं, ते कुणी बुजवलं नाही आणि सिलिंडर आला. अनुदान देणारे बसवून गेले, चालवत होती ती आजी. ती टाकी अजून तिथंच आहे, त्यात आता कोंबड्या बसतात.

पुण्यात माझी बहीण फ्लॅटमध्ये राहते, ती म्हणते तुमचं बरंय, आमची गच्ची सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही. तिला मी म्हटलं सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी बसवता येतं, त्याला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, मीटिंगला मुद्दा काढ. काढला तिनं. दोन मीटिंगा पार्किंगवर गेल्या, तिसरीला वरच्या मजल्यावरचे म्हणाले गळती झाली तर जबाबदार कोण. अजून चालू आहे. तोपर्यंत तिनं पंखे बदललेत.

आमच्या गल्लीत मात्र आता अजून चार घरांवर लागलंय. पाटण तालुक्यात मान्याचीवाडी म्हणून छोटं गाव आहे, २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, तेव्हापासून आमच्याकडच्या लोकांना जरा ईर्ष्या आलीय, एवढ्याशा वाडीला जमतं तर आपल्याला का नाही. फेरी काढून, फ्लेक्स लावून जे झालं नसतं ते शेजारच्या बिलानं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. बिल हातात घेऊन लोक गेटशी येतात.

गेल्या आठवड्यात समोरच्या काकूच आल्या, तेच वारा घालत बसलीस म्हणणाऱ्या. सोबत त्यांचा मुलगा, मोबाईलवर कोटेशन, किती किलोवॅट, कुठल्या कंपनीचं, पॅनल कुठल्या प्रकारचे, टॉपकॉन का मोनो, मला धडाधड विचारत होता. मी सांगत होते. आई पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या, त्यांनी मध्येच काकूंना विचारलं, "थंडीत कपडे कुठं वाळत घालता तुम्ही?"

काकू म्हणाल्या, "मागच्या बाजूला. का हो?"

"आणि पुढच्या बाजूला का न्हाई?"

काकू जरा थांबल्या, मुलाकडे बघितलं, आणि म्हणाल्या चल रे, आधी वर जाऊन बघू.